हत्यार ओळखणे म्हणजे काय? – विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-पथकांच्या कर्मशाळेसंबंधी काही विचार

‘ओळख’ या शब्दाने मराठीत दोन निरनिराळ्या गोष्टी सूचित होतात. नाव व चेहरा ठाऊक असणे ही एक ओळख. स्वभाव, सामर्थ्य आणि तो स्वभाव कोणत्या प्रसंगी उलटतो याची जाण असणे ही दुसरी. कर्मशाळेतील हत्यारांच्या बाबतीत बहुधा पहिल्या ओळखीवरच समाधान मानले जाते. विद्यार्थी हत्यारांची नावे पाठ करतो, वहीत त्यांच्या आकृत्या काढतो आणि सुरक्षिततेचे नियम भिंतीवरील वेगळ्या फलकावर वाचतो. वस्तुतः हे दोन विषय नव्हेत. ज्या बळाच्या योगाने हत्यार काम करते त्याच बळाने ते इजा करते. म्हणून हत्याराचे कार्य ज्याला नीट समजले त्याला त्याचा धोकाही समजलेला असतो. यंत्रमानव तयार करणाऱ्या विद्यार्थी-पथकांच्या बाबतीत या म्हणण्याला विशेष महत्त्व आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न स्पष्ट होईल. हत्यार आणि यंत्र यांची या जिल्ह्यास वाण नाही. गावोगावच्या सुतार-लोहारांची परंपरा येथे आहेच. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर साखर कारखान्यांच्या कर्मशाळा ग्रामीण भागातही उभ्या राहिल्या. शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच सुमारास लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये निघाली. पुढे २००२ साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ‘रोबोकॉन’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा टोकियो येथे प्रथम भरली. २००८ व २०१४ या दोन्ही वर्षी ती पुण्यात झाली. अशा स्पर्धांमुळे यंत्रमानव-पथक ही कल्पना महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत परिचयाची झाली.

परंतु या पथकाची घडण जुन्या कर्मशाळेपेक्षा मूलतः भिन्न आहे. लोहाराचा मुलगा प्रथम भाता ओढतो, मग सांडशी धरतो आणि कित्येक वर्षांनी घणाचा नेमका घाव घालू लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात आखणी, कानसकाम व करवतकाम यांना मोठा वाटा असतो. याउलट पथकात यंत्रशाखेच्या विद्यार्थ्याबरोबर विद्युत् व संगणक या शाखांचे विद्यार्थी असतात. त्यांपैकी अनेकांचा कर्मशाळेशी संबंध पहिल्या वर्षाच्या थोड्या तासिकांपुरताच आलेला असतो. स्पर्धेची तारीख ठरलेली असते आणि काम रात्री उशिरापर्यंत चालते. शिवाय दरवर्षी जाणते विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात व त्यांच्याबरोबर हाताचे ज्ञानही जाते. जेथे मिस्त्री नाही आणि परंपराही दोन-तीन वर्षांतच खंडित होते, तेथे ओळख अधिक काटेकोर असावी लागते.

या ओळखीची पहिली पायरी अर्थातच नाव ही होय. एकाच वस्तूला येथे तीन नावे असतात : पाठ्यपुस्तकातील इंग्रजी नाव, परिभाषेतील मराठी नाव आणि बाजारातील नाव. पुस्तकातील ‘व्हाइस’ परिभाषेत ‘शेगडा’ होतो. गॅरेजमध्ये कोणी दुमुखी पाना म्हणून मागत नाही. ‘दहा-अकराचा’ किंवा ‘बारा-तेराचा’ असेच मागतो. ही बाजारी पद्धत शास्त्रदृष्ट्याही उत्तम आहे, कारण तिच्यात मापच नाव झालेले असते. याउलट ‘कटर’ हा शब्द पाहावा. तार तोडण्याची पकड, कागद कापण्याचे पाते आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारी कापण्याची चकती या तिन्हींना तोच एक शब्द लावला जातो. गोंगाटात ‘कटर दे’ किंवा ‘कटर सुरू कर’ असे म्हणताना बोलणारा व ऐकणारा यांच्या मनांत दोन भिन्न वस्तू असू शकतात. म्हणून पथकाने प्रत्येक हत्याराचे एकच नाव ठरवून घेणे हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नव्हे.

नावानंतर प्रश्न येतो तो बळाचा : हे हत्यार कोणते बळ कोठे पोचवते, आणि हत्यार निसटले तर ते बळ कोठे जाईल? साध्या पान्याचा विचार करू. नट घट्ट असताना पाना ढकलला आणि तो अचानक निसटला, तर मूठ पुढील धातूच्या कडेवर आदळते. तोच पाना स्वतःकडे ओढला, तर हात मोकळ्या जागेत येतो. मात्र ओढतानाही तोल सावरता येईल असे उभे राहावे लागते. मापापेक्षा मोठा पाना नटाचे कोपरे झिजवतो व पुढचे निसटणे निश्चित करतो. म्हणजे ‘दहा-अकरा’ आणि ‘बारा-तेरा’ यांतील भेद हाच तेथील सुरक्षिततेचा नियम ठरतो. कानशीचे शेपूट टोकदार असते. मूठ न बसवता कानस चालविल्यास ते तळहातात शिरू शकते. कानशीचे पोलाद कठीण पण ठिसूळ असल्यामुळे तिचा उपयोग तरफेसारखा करणे अथवा तिच्यावर हातोडा मारणे धोक्याचे असते, कारण ती वाकत नाही, तुटते.

धातू कापण्याच्या करवतीचे पाते निवडताना हेच तत्त्व संख्येत मांडता येते. पात्यावर इंचाला १८, २४ किंवा ३२ दाते असतात. यंत्रमानवाच्या सांगाड्यास ॲल्युमिनियमची चौकोनी नळी वापरली आणि तिची भिंत १.५ मिलिमीटर जाडीची असली, तर १८ दात्यांच्या पात्यात दोन दात्यांमधील अंतरच सुमारे १.४ मिलिमीटर पडते. भिंतीवर एका वेळी जेमतेम एक दाता टेकतो, तो अडकतो, तुटतो आणि झटक्याने हात पुढे जातो. ३२ दात्यांच्या पात्यात हे अंतर सुमारे ०.८ मिलिमीटर असल्याने दोन दाते भिंतीवर राहू शकतात व पाते सुरळीत चालते. योग्य पाते निवडणारा विद्यार्थी काम चांगले करतो आणि बोटही वाचवतो. या दोन गोष्टी त्याला वेगळ्या कराव्या लागत नाहीत.

फिरत्या यंत्राकडे वळल्यावर बळाचा उगम हातात राहत नाही, मोटारीत जातो. आणि मोटारीला वेदना कळत नाही. छिद्रण यंत्राचा वेग ड्रिलच्या व्यासावर अवलंबून असतो. मऊ पोलादासाठी कर्तनवेग मिनिटाला २५ मीटर धरला, तर १० मिलिमीटर ड्रिलसाठी सुमारे ८०० आणि ३ मिलिमीटर ड्रिलसाठी सुमारे २,६५० फेरे येतात. लहान ड्रिलचा वेग मोठ्यास दिल्यास धार जळते, जोर अधिक लावावा लागतो आणि धोका वाढतो. पातळ पत्र्यात भोक पाडताना सर्वांत अवघड क्षण आरंभीचा नसून अखेरचा असतो. ड्रिल पलीकडे निघताना पत्र्याची कडा त्याच्या खाचेत अडकते आणि हाताने धरलेला पत्रा पात्यासारखा फिरतो. म्हणून वस्तू शेगड्यात किंवा क्लॅम्पने पकडावी, खाली लाकडाचा तुकडा ठेवावा व शेवटी दाब कमी करावा. चकची किल्ली चकमध्ये राहू देऊ नये आणि कीस बोटांनी न काढता यंत्र थांबवून ब्रशाने काढावा.

हातमोज्यांविषयीचा गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. धारदार पत्रा उचलताना हातमोजे हात राखतात; फिरत्या ड्रिलजवळ तेच हातमोजे हात आत ओढतात. सैल बाही, ओढणी, मोकळे केस, बांगडी, अंगठी आणि मनगटातील दोरा यांनाही हाच न्याय लागू आहे. संरक्षक वस्तूदेखील हत्याराइतकीच ओळखावी लागते.

कोनीय ग्राइंडरच्या चकतीवर एक संख्या छापलेली असते. ती बहुधा वाचली जात नाही. १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक होतो. कापण्याच्या चकत्या साधारणतः सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत चालविण्यास योग्य म्हणून बनविल्या जातात. आता संरक्षक आवरण काढून त्याच यंत्रावर १८० मिलिमीटरची चकती बसविली, तर कडेचा वेग सुमारे १०४ मीटर होतो. केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे चकतीवर मर्यादेच्या जवळजवळ १.७ पट ताण येतो. आवरण काढल्याशिवाय मोठी चकती बसत नाही. तेव्हा ‘आवरण काढू नका’ हा नियम या गणिताचेच संक्षिप्त रूप आहे. कापण्याच्या पातळ चकतीच्या बाजूने घासू नये, कारण आडवा भार सहन करण्यासाठी ती घडविलेली नसते. बाकावरील ग्राइंडरवर ॲल्युमिनियम घासू नये. तो धातू दगडाच्या रंध्रांत भरतो, उष्णता वाढते आणि दगड फुटण्याचा संभव निर्माण होतो.

यंत्रमानव-पथकाच्या कर्मशाळेत आणखी एक शक्तिसाठा असतो, जो लोहाराच्या शाळेत नव्हता : लिथियम-पॉलिमर विद्युत्घट. त्याचा आकार लहान असल्याने तो निरुपद्रवी भासतो. प्रत्येक घटाचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असून पूर्ण भारित अवस्थेत तो ४.२ व्होल्ट होतो; त्यापुढे भारित केल्यास अथवा घटाला भोसका पडल्यास आग लागू शकते. त्याच्या दोन टोकांवर पाना पडला की तो पाना न राहता विद्युत्वाहक होतो. बहुमापक प्रवाह मोजण्याच्या स्थितीत ठेवून बॅटरीच्या टोकांना लावल्यास मोजमापाचे साधनच बॅटरी लघुमंडलित करते. हत्याराचे कार्य प्रसंगानुसार कसे बदलते याचे हे उत्तम उदाहरण होय. म्हणून धातुकाम व बॅटरीचे भारण एकाच मेजावर करू नये. भारण कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावे आणि फुगलेला घट पुन्हा वापरू नये.

कारखान्यांच्या बाबतीत या गोष्टी कायद्याने सांगितल्या गेल्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील २१ व्या कलमात यंत्रांना कुंपण घालण्याची, २२ व्या कलमात चालत्या यंत्राजवळील कामाची व अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांची, तर ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. पुढे हे विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत समाविष्ट करण्यात आले. परंतु विद्यार्थी-पथकाची खोली सामान्यतः कारखाना समजली जात नाही. तेथे निरीक्षक येत नाही, वेतनाचा संबंध नसतो आणि उत्साह मात्र कामगाराहून अधिक असतो. साहजिकच या बाबतीतील जबाबदारी विभागाकडे व त्यातील अध्यापकांकडे येते.

ही जबाबदारी पार पाडण्यास फार खर्च लागत नाही. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगवून त्याखाली ठरलेले नाव लिहिल्यास हरवलेले हत्यार चटकन लक्षात येते. प्रत्येक हत्यारासाठी एका पानाची नोंद असावी व तीत नाव, कार्य, बळाची दिशा आणि निषिद्ध उपयोग या चार बाबी असाव्यात. बाहेर पडणाऱ्या तुकडीने ती नोंद सुधारून पुढील तुकडीच्या स्वाधीन करावी. नव्या विद्यार्थ्याची परीक्षा लेखी नसावी. त्याने हत्यार हातात घ्यावे, काम करून दाखवावे आणि ते निसटले तर कोठे जाईल हे सांगावे. ग्राइंडर व छिद्रण यंत्र कोणीही एकट्याने चालवू नये, आणि काम थांबविण्याचा अधिकार पथकातील सर्वांत नव्या विद्यार्थ्यासही असावा. स्पर्धेच्या आदल्या रात्री हा अधिकार वापरणे अवघड असते. म्हणूनच तो वर्षारंभी, घाई नसताना, अध्यापकांच्या उपस्थितीत सर्वांनी मान्य केलेला असावा.