इचलकरंजीची मीरा आणि मुंबईची पद्मिनी

मुंबई हे मोटारींचे शहर आहे, पण मोटार मुळापासून घडवणाऱ्यांचे ते कधी झाले नाही. शिवडीत १९२८ साली जनरल मोटर्सने हिंदुस्थानातला मोटारी जोडण्याचा पहिला कारखाना उभारला. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि शिवडीतून तयार शेवरलेट बाहेर पडायची. हत्यार धरता येणारी माणसे कमी पडण्याचे कारण नव्हते. परळला रेल्वेचा कारखाना होता, आसपास गिरण्या होत्या, फिटर आणि टर्नर तिथेच तयार होत होते. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनने बजावले, की भाग इथेच बनवणार नसाल तर निघा. वर्षभरात जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने मात्र कुर्ल्यात तग धरला, फियाटच्या नकाशांवरून एकेक भाग इथे बनवायला घेतला आणि १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ आणली. १९७४ मध्ये तिचीच पद्मिनी झाली. या कामाला कमी लेखायचे कारण नाही. पण नकाशा इटलीचा होता, हेही खरेच.

नेमक्या याच काळात इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ स्वतःच्या नकाशावरून मोटार बनवत होते. शिक्षण सातवीपर्यंत. १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन आसनी गाडी उभी राहिली. पुढची पंचवीसेक वर्षे ते तीच गाडी पुन्हा पुन्हा सुधारत राहिले आणि एकामागून एक पाच नमुने झाले. गाडीचे नाव मीरा. इंजिन छोटे, जेमतेम १४ अश्वशक्तीचे आणि मागच्या बाजूला बसवलेले. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेही पोलादी पाट्यांऐवजी रबराचे. १९७५ च्या सुमारास त्यांनी किंमत धरली होती बारा हजार रुपये. हा आकडा नीट वाचला तर गाडी कोणासाठी होती ते कळते. नवराबायको आणि पोरे स्कूटरवर दाटीवाटीने बसवून नेणाऱ्या पगारदार माणसाच्या डोक्यावर छप्पर यावे, एवढाच तिचा हिशेब. शौकिनाने शर्यतीसाठी बांधलेली गाडी ही नव्हे. हे संसारी माणसाचे यंत्र होते.

शंकररावांची आठवण निघाली की गोष्ट एकाच वळणाने जाते: गावाकडचा अवलिया, आडमुठे सरकार, बुडालेले स्वप्न. या सांगण्यात त्यांच्यावर अन्याय होतो असे मला वाटते, कारण अवलिया म्हटले की त्याच्या कामाची तपासणी करायची गरजच उरत नाही. ती करून पाहावी. इंजिन मागे आणि ताकद १३ अश्वशक्तीची, अशी फियाटची छोटी ‘५००’ इटलीत १९५७ मध्ये आली आणि तिथल्या मध्यमवर्गाने ती डोक्यावर घेतली. इंग्लंडच्या ‘मिनी’ने १९५९ मध्ये रबरी सस्पेन्शन वापरले आणि त्याचे जगभर कौतुक झाले. कोणी कोणाचे पाहून केले हा मुद्दा इथे नाही. युरोपातले नावाजलेले अभियंते ज्या उत्तरांपाशी पोचले, त्याच जातीची उत्तरे एक सातवी शिकलेला माणूस हातमाग-यंत्रमागांच्या गावात शोधत होता. आणि ते गाव काही यंत्रांना परके नव्हते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच तिथे पहिला यंत्रमाग आणला होता, तर १९१० पासून किर्लोस्करवाडीत लोखंडाचे ओतकाम चालू होते. शंकरराव आभाळातून पडले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, पाच गाड्या म्हणजे छंद, उद्योग नव्हे. एक बनवणे आणि लाख बनवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मान्यच. पण प्रत्येक नमुन्यात आधीच्या चुका दुरुस्त करत जाणे यालाच कारखान्यांत संशोधन विभाग म्हणतात. त्या मापाने पाहिले तर १९६४ ते २००० या काळात आपल्या बड्या कारखान्याने पद्मिनीत केलेले बदल फारसे भरत नाहीत. तिला गिऱ्हाईक रांगेत उभे होते, बदलण्याची गरजच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वस्त गाडी लोकांना खरेच हवी असते का? टाटांची नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली. दोन सिलिंडरचे इंजिन, तेही मागेच. पैसा, कारखाना, नाव, सगळे पाठीशी असूनही दहा वर्षांत तिचे उत्पादन थांबले. मीराही कदाचित आपटली असती. पण नॅनो बाजारात उतरून हरली. ती आली तेव्हा दारात मोटारींची रांग होती आणि स्वस्त हा शब्द शिवीसारखा झाला होता. मीराच्या काळात फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे.

मग मीरा बाजारात पोचलीच नाही, हा दोष परवाना-राजचा? अर्धाच. परवाने द्यायचे नव्हते असे नाही; ते परदेशी नकाशा आणि भांडवल हाताशी असणाऱ्यांना मिळत होते. उरलेला अर्धा दोष मुंबईच्या पदरात टाकायला हवा. भांडवल इथे होते, बँका इथे होत्या, गिरगावात ऑपेरा हाऊसपाशी मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार होता, आणि परळपासून कुर्ल्यापर्यंत लेथवर हात बसलेले हजारो कामगार होते. इचलकरंजीच्या माणसाला जे एकट्याने जमणे शक्य नव्हते, ते सगळे या एकाच शहरात सापडत होते. त्या बळावर मुंबईने एक इटालियन गाडी चाळीस वर्षे चालती ठेवली, आणि फार उत्तम ठेवली.

ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, आणि वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. मीरा विक्रीला कधी निघालीच नाही.