हौदातली गप्पी

घरात लहान मूल असलं की "आपण काहीतरी पाळू या ना" हा हट्ट कधी ना कधी होतोच. नगर शहरात, सावेडीकडच्या फ्लॅटमध्ये आई-वडील दोघंही नोकरीला असतात. जिल्ह्याच्या दक्षिणेला, पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडे, दिवाळी सरली की कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला जातात. मागे आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं उरतात. दोन्हीकडे प्रश्न एकच: पाळलेल्या जिवाचं करणार कोण?

मग पोपटाचा विषय निघतो. तो तिथंच मिटवावा. आपला हिरवा पोपट, मुनिया, पाठीवर चांदण्या असलेलं कासव, यांना घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. दुकानात मिळणारं लाल कानाचं कासव रुपयाएवढं दिसतं, पण ते वाढून ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळलेली माणसं मग ते तळ्यात सोडून येतात, आणि तिथल्या आपल्या कासवांच्या पोटावर पाय येतो.

माझं मत विचाराल तर उत्तर गावच्या आरोग्य केंद्रातच आहे. महाराष्ट्रातल्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात सिमेंटचं एक टाकं असतं आणि त्यावर पाटी असते, 'गप्पी मासे पैदास केंद्र'. मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. आपल्याकडे तो आणला गेला डासांसाठी. नर जेमतेम तीन सेंटिमीटर, मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट.

ज्या गावात पाणी रोज येत नाही, तिथं ते साठवावंच लागतं: हौद, रांजण, टिपाड, गच्चीवरची टाकी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमकं असंच घरातलं, स्वच्छ, न हलणारं पाणी लागतं. अंड्यापासून डास उडेपर्यंत उन्हाळी दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आशाताई सांगत असतात. पण ज्यानं टँकरच्या रांगेत उभं राहून हौद भरलाय, त्यानं तो कोणत्या मनानं रिकामा करायचा? तिथं गप्पी कामाला येते. हौदात नीट वाकून पाहा. डासाची अळी डोकं खाली करून पाण्याच्या कातडीला लटकलेली असते, कारण तिची श्वासाची नळी शेपटाकडे आहे आणि हवा वर आहे. गप्पीचं तोंडही वरच्या बाजूला वळलेलं. ती वर येते, एक बारीकसा झटका, आणि अळी नाहीशी. पूर्ण वाढलेली गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खाते, असं आरोग्य खात्याचं मार्गदर्शन सांगतं.

या माशाला आपलं पाणी मानवतं, ही आणखी एक नवलाची गोष्ट. नगरच्या बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. पुष्कळ शोभेचे मासे अशा पाण्यात झुरतात. गप्पीला मात्र क्षार असलेलं पाणीच अधिक सोसतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर ती अगदी पृष्ठभागाशी येते आणि हवेला टेकलेला पाण्याचा पातळ थर कल्ल्यांतून फिरवते, कारण सगळ्यात जास्त प्राणवायू त्या थरात असतो. पंप नसलेल्या हौदातही ती तग धरते ती यामुळे.

आणि ती अंडी घालत नाही, पिल्लं देते. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला एक काळसर डाग असतो. दिवस भरत आले की तो गडद होतो, आणि उजेडाकडे धरलेल्या काचेतून पाहिलं तर त्या डागात बारीक बारीक ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे आतल्या पिल्लांचे डोळे. पिल्लू बाहेर पडताना मुटकुळं करून पडतं, क्षणात सरळ होतं आणि पोहायलाच लागतं. त्याला कुणी काही शिकवत नाही, आईसुद्धा नाही. उलट आई त्याला खाऊ शकते, म्हणून पाण्यात पाणवनस्पतीचं थोडं जंजाळ हवं. साधारण महिन्याला एक वेत. त्यातही चकित करणारं म्हणजे, एकदा नराशी संग झाला की मादी त्याचं बीज महिनोन्महिने पोटात राखून ठेवते. एकटी मादी आणून सोडली तरी वेतामागून वेत होत राहतं.

नराच्या अंगावरचे नारिंगी, काळे, निळसर ठिपके मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. त्रिनिदादच्या डोंगरातल्या ओढ्यांवर धबधबे आहेत. धबधब्याखाली गप्पीला खाणारे मोठे मासे असतात, तिथले नर फिके. धबधब्यावर ते मासे चढू शकत नाहीत, तिथले नर रंगीत. मादीला भडक नर आवडतो, पण भडक नर शिकाऱ्यालाही आधी दिसतो. दोन ओढींच्या मधोमध त्याचा रंग ठरतो. जॉन एन्डलर या शास्त्रज्ञानं १९७६ साली खालचे फिके मासे उचलले आणि मोठे शिकारी नसलेल्या, गप्पीही नसलेल्या ओढ्यात सोडले. दोनेक वर्षांतच तिथल्या नरांच्या अंगावर जास्त आणि मोठे ठिपके दिसू लागले. उत्क्रांती हे लाखो वर्षांचं काम, असं आपण शाळेत घोकलं. इथं ती एका माणसाला हयातीत, उघड्या डोळ्यांनी मोजता आली. आपल्या टिपाडात फिरणारा मासा त्याच जातीचा आहे, हे मनात आलं की मी तरी टिपाडाजवळून लवकर हलत नाही.

आता पाळण्याचं. गोल काचेचा छोटा बाऊल नको. वीस-तीस लिटरचं रुंद भांडं हवं, वर जाळी, कारण गप्पी उडी मारते. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवून मग वापरावं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. जिथं क्लोरीनची टीसीएल पावडर पडते त्या पिण्याच्या टाकीत मासे सोडू नयेत, वापरायच्या पाण्यात सोडावेत. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. काढलेलं पाणी तुळशीला घालावं, त्यात माशांच्या विष्ठेतून आलेलं नत्र असतं. तळाचे खडे साबणानं घासू नयेत, त्यांच्यावरचे जिवाणूच पाण्यातल्या विषारी अमोनियाचं रूपांतर झाडाला चालणाऱ्या नायट्रेटमध्ये करत असतात. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच; मासे उपासानं मरण्यापेक्षा जास्तीचं खाणं पाण्यात कुजल्यानं अधिक मरतात. हौदात शेवाळ आणि अळ्या असतील तर तेही घालावं लागत नाही. डिसेंबरच्या थंडीत छोटं भांडं घरात घ्यावं, वैशाखात सावलीत.

काचेच्या टाकीत पैदास नको असेल तर नुसते नर ठेवा. ते रंगीतही असतात. दुकानातल्या लांब शेपटीच्या गप्पीपेक्षा आरोग्य केंद्रातली साधी, करड्या रंगाची गप्पी काटक असते. मी तीच घेईन.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळायची. गप्पी परदेशी आहे. तिला मुळा-प्रवरेत, ओढ्यात, पाझर तलावात सोडायचं नाही. तिथले छोटे देशी मासे आपले आहेत आणि तेही डासांच्या अळ्या खातात. हौदात पिल्लं फार झाली तर शेजारच्या हौदात द्यावीत. एडिस डास जन्मल्या जागेपासून सहसा काही शे मीटरपलीकडे जात नाही, त्यामुळे आपल्या घरातला डास बहुतेक वेळा आपल्याच आळीत जन्मलेला असतो. आळीतले हौद, टिपाडं जेवढी गप्पीनं भरतील, तेवढा पावसाळ्यातला ताप कमी.