निर्मितीखर्च आणि अन्वयार्थ : 'गॉर' कादंबऱ्यांचे चित्रपटीय माध्यमांतर

माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा 'श्यामची आई' (१९५३), 'जैत रे जैत' (१९७७), 'बनगरवाडी' (१९९५) अशा चित्रपटांच्या आधारे केली जाते. तेथे मूळ साहित्यकृती प्रतिष्ठित असते, दिग्दर्शकाला तिच्याविषयी आदर असतो आणि अभ्यासकाचा प्रश्न साहजिकच मूलनिष्ठेचा असतो : मुळातले काय टिकले, काय निसटले? परंतु मूळ कृतीच जेव्हा वाङ्मयीन प्रतिष्ठेच्या परिघाबाहेरची असते, तिच्यातील विचार अनेकांना आक्षेपार्ह वाटतो आणि चित्रपट काढणाऱ्याजवळ पैसा थोडा असतो, तेव्हा हा प्रश्न अपुरा पडतो. अशा वेळी संहितेचा अर्थ लावण्याचे काम पटकथाकाराइतकेच निर्मात्याचे अंदाजपत्रकही करीत असते. जॉन नॉर्मन यांच्या 'गॉर' मालिकेवरील दोन चित्रपटांच्या आधारे हे विधान तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

जॉन नॉर्मन हे जॉन फ्रेडरिक लँग या अमेरिकन प्राध्यापकाचे टोपणनाव. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवीत. मालिकेतील पहिली कादंबरी 'टार्न्समन ऑफ गॉर' १९६६ मध्ये बॅलन्टाइन प्रकाशनाने काढली. सूर्याच्या पलीकडे, पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध बाजूस दडलेला गॉर नावाचा ग्रह, तेथील नगरराज्ये, जातिबद्ध समाजरचना, 'टार्न' नावाच्या महाकाय पक्ष्यांवर स्वार होणारे योद्धे आणि पृथ्वीवरून तेथे नेला गेलेला टार्ल कॅबट हा नायक, असा तिचा घाट आहे. एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरील साहसकथांचे ऋण त्यात उघड दिसते. अद्भुतरम्य साहसकथा म्हणून पहिले काही खंड वाचनीय आहेत, हे मान्य करावयास हवे. विशेषतः नगरांच्या चालीरीती आणि 'होम स्टोन' या नगरशिलेभोवती उभारलेली निष्ठेची कल्पना लेखकाने बारकाईने रचली आहे.

वाद निर्माण झाला तो दास्याच्या प्रश्नावरून. गॉरवर गुलामगिरी ही सर्वमान्य संस्था आहे. मालिका पुढे सरकते तसतशी स्त्रीचे दास्य हेच तिच्या प्रकृतीशी सुसंगत होय, ही भूमिका कथेतील एका समाजाची रीत न राहता निवेदनाचा सिद्धांत बनते. साहस मागे पडते, संवाद पानेच्या पाने प्रवचनाचे रूप घेतात. स्त्रीवादी समीक्षेने या कादंबऱ्यांवर कठोर टीका केली. १९७४ पासून ही मालिका डॉ प्रकाशनाकडे होती. १९८८ मधील पंचविसाव्या खंडानंतर ती तेथून बंद झाली आणि सव्विसावा खंड यावयास २००१ साल उजाडले. लेखकाने याला बहिष्कार म्हटले.

चित्रपट आले ते नेमके या शेवटच्या टप्प्यावर. १९८२ च्या 'कोनन द बार्बेरियन'च्या यशानंतर तलवारी, चामड्याचे पोशाख आणि जादूटोणा यांवर बेतलेल्या स्वस्त चित्रपटांची लाट उसळली होती. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांची कॅनन ही कंपनी अशा मालाचा मोठा पुरवठा करीत असे. तिच्यासाठी हॅरी ॲलन टॉवर्स या निर्मात्याने 'गॉर' (१९८७, दिग्दर्शक फ्रिट्झ कीर्श) आणि 'आउटलॉ ऑफ गॉर' (१९८९, दिग्दर्शक जॉन 'बड' कार्डोस) हे चित्रपट काढले. पीटर वेलबेक या टोपणनावाने पटकथेतही त्याचाच हात होता. नायक उर्बानो बार्बेरिनी, नायिका रेबेका फेराटी. प्रतिष्ठेपुरते ऑलिव्हर रीड आणि जॅक पॅलन्स हे दोन जुने नामांकित नट. त्यांपैकी पॅलन्स पहिल्या चित्रपटात अगदी शेवटी क्षणभर दिसतो.

आता अंदाजपत्रकाने काय वाचले ते पाहू. पहिला बळी टार्न पक्ष्याचा. महाकाय पक्षी पडद्यावर उडविणे महाग. म्हणून ज्याच्या नावावरून पहिल्या कादंबरीचे शीर्षक आले तो पक्षीच चित्रपटात नाही. माणसे वाळवंटातून पायी किंवा घोड्यावर जातात. नगरांची भव्यता गेली, जातिव्यवस्थेचा तपशील गेला. सार्म हा कादंबऱ्यांत कीटकदेही 'प्रीस्ट-किंग' आहे. पडद्यावर तो ऑलिव्हर रीडच्या रूपातील साधा मानवी जुलमी राजा होतो. लांबलचक प्रवचनेही गेली, कारण सुमारे दीड तासाच्या चित्रपटात त्यांना वाव नव्हता. उरले काय? तुटपुंज्या वस्त्रांतील स्त्रिया, साखळदंड, चाबूक, मद्यशाळा. या गोष्टी स्वस्त आहेत. त्यांना कारागिरी लागत नाही, फक्त वेशभूषा लागते.

येथेच खरी गुंतागुंत आहे. कादंबरीचा आक्षेपार्ह सिद्धांत चित्रपटाने टाकून दिला, नव्हे, तो उलटा केला. पडद्यावरील टॅलेना तलवार चालविणारी योद्धी आहे, कॅबट हा पीडितांची बाजू घेणारा बुजरा प्राध्यापक आहे, आणि दास्य हे खलनायकाचे लक्षण ठरले आहे. 'आउटलॉ ऑफ गॉर'मध्ये हा उलटफेर अधिक बोधप्रद आहे. मूळ कादंबरीत (१९६७) थार्ना हे स्त्रियांची सत्ता असलेले नगर. लारा तेथील शासक. तेथील पुरुषांच्या उठावानंतर व्यवस्था उलटते आणि पुढील खंडांत थार्ना हे स्त्रीदास्याचे अत्यंत कठोर नगर म्हणून उल्लेखिले जाते. म्हणजे कथानक हेच सिद्धांताचे वाहन आहे. चित्रपटात थार्नाच नाही. लारा ही वृद्ध राजा मार्लेनसची महत्त्वाकांक्षी राणी होते, ती राजाचा खून करून आळ कॅबटवर घेते. सत्ताधारी स्त्री दुष्ट, एवढाच धागा शिल्लक राहतो; आणि तो तर परीकथेतल्या सावत्र आईइतका जुना आहे.

असे असता चित्रपट कादंबरीपेक्षा निर्दोष ठरतो काय? प्रस्तुत लेखिकेला तसे वाटत नाही. कादंबरीत निदान एक विधान आहे. ते तिरस्करणीय मानले तरी त्याच्याशी वाद घालता येतो, त्याची गृहीतके उघडी करता येतात. चित्रपट संवादांतून मुक्तीची भाषा बोलतो आणि त्याच वेळी कॅमेरा साखळीतल्या देहावर रेंगाळतो. विचार काढून टाकला, पण त्या विचारामुळे जे दृश्य विकले जात होते ते ठेवले. दृश्याला आता समर्थनाचीही गरज उरत नाही, कारण कथेने नैतिक बाजू आधीच सुरक्षित केली आहे. अभ्यासकाने केवळ कथासूत्राची तुलना केली, तर हा चित्रपट सुधारणावादी भासेल. दृश्यसंहिता वाचली तरच त्यातील दुटप्पीपणा हाती लागतो.

चित्रीकरणस्थळाचा मुद्दाही याच संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. दोन्ही चित्रपट दक्षिण आफ्रिकेत चित्रित झाले. त्या काळी तेथील करसवलतींमुळे परदेशी निर्मात्यांना चित्रीकरण स्वस्त पडे. वर्णभेदी राजवट चालू होती आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८० मध्ये या देशावर सांस्कृतिक बहिष्कार टाकण्याचे आवाहन केलेले होते. गुलामांना मुक्त करणारी कथा अशा भूमीवर, अशा सवलती घेऊन रंगविली गेली, याची खूण चित्रपटात कोठेही नाही. स्थळ हे येथे अर्थाचा भाग नसून हिशेबाचा भाग आहे. परंतु हिशेबालाही अर्थ असतोच.

प्रेक्षकांनी या चित्रपटांची फारशी दखल घेतली नाही. कादंबऱ्यांच्या चाहत्यांना ते मुळाचा विश्वासघात वाटले. इतरांच्या दृष्टीने ते लाटेतले आणखी दोन चित्रपट होते. १९९३ मध्ये वाईट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत दुसरा चित्रपट दाखविण्यात आला, तो केवळ 'आउटलॉ' या शीर्षकाने. ज्या नावासाठी कादंबरी घेतली होती ते 'गॉर' शीर्षकात नव्हते.