सायकलवाल्याला उडवून गाडी पळाली, तर?

पारगाव-तेरखेड्याच्या हायवेवर फजरच्या अंधारात सायकलवाला दिसतच नाही. गाडी धडक देऊन पळते, नंबर कुणी पाहिलेला नसतो आणि घरचे ‘नसीब’ म्हणून गप्प बसतात. सायकलचा विमा नसतो, पण हक्क असतो. गाडी सापडली नाही तरी गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ आधी हीच रक्कम साडेबारा हजार आणि २५ हजार होती! त्यासाठी पोलिसांत एफआयआर करा, दवाखान्याचा प्रत्येक कागद जपा, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे द्या. जखमीला उचलणाऱ्यांनीही घाबरू नये. २०१९ च्या कायद्याने त्यांच्यावर नाव सांगायची सक्ती नाही. आधी १०८ लावा.