मोटारगाडींतील वाऱ्याचा पंखा

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे तिचे दोष एकामागून एक डोकें वर काढूं लागतात. इंजिन, ब्रेक, चाकें यांची काळजी बहुतेक मालक घेतात. परंतु डॅशबोर्डाच्या पोटांत दडलेल्या लहानशा पंख्याची आठवण तो बंद पडेपर्यंत कोणासही होत नाहीं. यालाच ब्लोअर म्हणतात. उन्हाळ्यांत थंड व हिंवाळ्यांत ऊन वारा देणारा हाच. तो बंद पडल्यानें केवळ सुखाची हानि होते असें मात्र कोणीं समजूं नये. पावसाळ्यांत खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट चढतांना आंत बसलेल्यांच्या श्वासांतील वाफ पुढच्या कांचेवर जमते, आणि थोड्याच वेळांत समोरचा रस्ता दिसेनासा होतो. ती कांच स्वच्छ ठेवण्याचें काम या वाऱ्याचें. एका हातानें कांच पुसावी व दुसऱ्या हातानें गाडी हांकावी, हें घाटांत किती भयंकर आहे, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस सांगावयास नको.

म्हणून या पंख्याचा बिघाड कसा ओळखावा, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या डोळ्यांपुढें १९८३ सालीं निघालेल्या मारुति ८०० च्या पिढींतील साध्या गाड्या आहेत. ज्यांत वाऱ्याचें सर्व नियमन इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे सोंपविलेलें असतें, अशा नवीन गाड्यांस पुढील विवेचन सर्वस्वीं लागू पडणार नाहीं.

प्रथम रचना पाहूं. इंजिन फार तापूं नये म्हणून त्याच्याभोंवतीं पाणी खेळवितात. तेंच ऊन पाणी एका लहान जाळीदार पेटींतून फिरवितात. ही हीटरची जाळी. थंडाव्यासाठीं दुसरी जाळी असते, तिला आपले कारागीर कूलिंग कॉइल म्हणतात. द्रवरूप केलेला गॅस तिच्यांत पुन्हा वायुरूप होतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो. (गाडींत यंत्रानें थंडावा आणण्याची सोय १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें विक्रीस आणली, त्या गाडींत थंडावा पुरता बंद करावयाचा तर खालीं उतरून, इंजिनाचें झांकण उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे!) ऊन व थंड यांचा उगम असा निराळा; परंतु दोन्ही जाळ्यांतून वारा ढकलणारा पंखा एकच.

एवढी गोष्ट ध्यानांत ठेविली तर अर्धें निदान जागच्या जागीं होतें. वारा भरपूर येतो पण ऊन होत नाहीं, तर पंखा निर्दोष आहे. रेडिएटरांतील पाणी कमी झालें असेल, थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल, किंवा हीटरच्या जाळींत गाळ सांचला असेल. वारा येतो पण थंड होत नाहीं, तर कॉम्प्रेसर व गॅस यांची चौकशी करावी, आणि तें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें. दाबाखालचा गॅस डोळ्यांस व कातडीस इजा करितो. परंतु ऊनही नाहीं, थंडही नाहीं, कारण मुळीं वाराच नाहीं, अशी स्थिति असेल तर दोष पंख्यांत किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेवर असला पाहिजे. अशा वेळीं गॅस भरण्याचे पैसे देणें म्हणजे पाय मोडलेल्यास चष्मा देण्यासारखें आहे. तरीही तसे पैसे देणारे मालक आम्हीं पाहिले आहेत.

आतां पंख्याचें बटण फिरवून पाहावें. हें बटण पुष्कळ बोलतें. त्याच्या तीन किंवा चार पायऱ्या असतात. कोणत्याही पायरीवर पंखा फिरत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. पण पंखा फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या पायरीवरच फिरत असेल, तर फ्यूज, बॅटरी व पंख्याची मोटार हीं तिन्ही शाबूत आहेत हें उघड आहे. जुन्या गाड्यांत हीच तक्रार वारंवार आढळते. ती कां होते हें समजण्यास वरच्या वर्गांत शिकविला जाणारा ओमचा नियम पुरेसा आहे. १८२७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यानें तो प्रसिद्ध केला.

बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. पंखा पूर्ण वेगानें फिरतांना १२ अँपिअर प्रवाह घेतो असें मानूं. म्हणजे त्याचा रोध स्थूलमानानें १ ओम धरतां येईल. वेग निम्मा करावयाचा म्हणून त्याच्या वाटेंत आणखी १ ओमची तारेची गुंडाळी घातली. एकूण रोध २ ओम झाला, प्रवाह ६ अँपिअरवर आला, आणि पंख्यास ६ व्होल्टच मिळूं लागले. उरलेले ६ व्होल्ट कोठें गेले? ते त्या गुंडाळींत खर्च झाले. सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ वॉट उष्णता तेथें सारखी निर्माण होत राहते. (फिरती मोटार ही साधी तार नव्हे, म्हणून प्रत्यक्ष आंकडे थोडे निराळे येतील; पण तत्त्व हेंच.) रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचें डाख देण्याचें विजेचें लहान हत्यार साधारण तितक्याच वॉटचें असतें, आणि त्यानें कथील वितळतें! या गुंडाळीला रेझिस्टर म्हणतात. ती जळूं नये म्हणून कारखानदार ती मुद्दाम वाऱ्याच्या मार्गांतच बसवितो. पंखा आपल्याच वाऱ्यानें आपल्या रेझिस्टरला थंड ठेवितो, ही योजना आम्हांस मोठी चतुराईची वाटते. शेवटच्या पायरीवर मात्र प्रवाह रेझिस्टरला वगळून थेट मोटारीकडे जातो. म्हणून रेझिस्टर जळाला तरी तेवढी एक पायरी जिवंत राहते. उलट, बाकीच्या पायऱ्या चालतात व शेवटचीच बंद आहे, असें असेल तर रेझिस्टरला दोष देऊं नये. बटणाचा किंवा रिलेचा संपर्क जळलेला असतो.

येथपर्यंत बहुतेक कारागीर येतात. रेझिस्टर स्वस्त मिळतो, दोन स्क्रू काढून नवा बसतो, आणि गाडी घरीं जाते. पण तो जळला कां, हा प्रश्न विचारल्यावांचून काम पुरें झालें असें आम्ही मानीत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या गाडींत एका वर्षांत दोन रेझिस्टर जळाले. तिसऱ्या वेळीं पंखाच खालीं उतरविला, तेव्हां त्याच्या पिंजऱ्यांत गुलमोहराच्या बारीक पानांचा ओलसर गोळा सांपडला. गाडी रोज त्या झाडाखालीं उभी राहत असे. पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं असलेल्या जाळींतून पानें आंत उतरत. त्यामुळें वारा घटला व रेझिस्टरची थंडाई गेली. शिवाय पंखा जड झाला. फिरणारी मोटार बॅटरीच्या विरुद्ध स्वतःचा उलटा दाब निर्माण करीत असते. ती मंदावली कीं तो दाब घटतो व प्रवाह वाढतो. म्हणजे एकीकडे उष्णता अधिक आणि दुसरीकडे ती वाहून नेणारा वारा कमी. बिचाऱ्या रेझिस्टरचा अपराध तो काय? मोटारीचे बेअरिंग सुकलें असतांही असेंच घडतें. म्हणून नवा रेझिस्टर बसविण्यापूर्वीं, बॅटरीची तार सोडवून, पंखा बोटानें फिरवून पाहावा. तो हलका फिरला पाहिजे. तारांची जोडपट्टीही तपासावी; तिचें प्लॅस्टिक तपकिरी पडलें असेल किंवा वितळलें असेल, तर तीही बदलावी, नाहींतर सैल जोडांत पुन्हा उष्णता होऊन नवा रेझिस्टर जुन्याच्या वाटेनें जाईल.

पंखा कोणत्याच पायरीवर फिरत नसेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर जोराच्या पायरीवर बटण ठेवून मोटारीच्या आवरणावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें हलकेंच ठोकावें. त्यानें ती सुरू झाली, तर आंतील कार्बनचे ब्रश झिजले आहेत असें खुशाल समजावें. ठोकूनही काम भागलें नाहीं, तर १२ व्होल्टच्या दिव्यानें मोटारीच्या जोडापाशीं वीज येते काय तें पाहावें. दिवा चांगला लागला आणि मोटार स्वस्थच, तर मोटार गेली. न लागला, तर बटण, रिले व अर्थिंगची तार यांचा माग काढावा. ज्या गाडींत एअरबॅग आहे, तिच्या डॅशबोर्डाखालील पिंवळ्या जोडांस मात्र हात लावूं नये.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागीं मोठा फ्यूज किंवा नुसती तार घालण्याची वाईट चाल आहे. फ्यूज उडतो तो गाडी वांचविण्यासाठीं. त्याचें तोंड बंद केलें म्हणजे तारांचें आवरण पेटतें, आणि तें आपल्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर असतें.

निघतांना भरपूर येणारा थंड वारा अर्ध्या तासानें आटत जातो, आणि गाडी थोडा वेळ उभी केली कीं पुन्हा येतो, असें झाल्यास कूलिंग कॉइलवर बर्फ सांचतें आहे. तो पंख्याचा रोग नव्हे. पायाखालचा गालिचा ओला असेल तर त्या पाण्यांत बोट बुडवून पाहावें. निर्मळ पाणी असेल तर कॉइलवर जमलेलें दंव बाहेर नेणारी नळी तुंबली आहे. पाणी रंगीत व चिकट असेल, कांचेवर तेलकट थर बसत असेल व गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी फुटली आहे. तें पाणी चाखूं नये. त्यांतील ग्लायकॉल विषारी असतें.

सर्व बसवून झालें म्हणजे प्रत्येक पायरीवर दहा-दहा मिनिटें पंखा चालवावा, मग गाडी बंद करून रेझिस्टरच्या जोडपट्टीला हात लावावा. ती कोंबट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल, तर पंखा अजून जड आहे. तो पुन्हा उतरवावा.