पाय उघडले, इंजिनं बंद!

३ डिसेंबर १९९९. ‘मार्स पोलर लँडर’ मंगळावर उतरताना कायमचं गप्प झालं. चौकशी समितीचा तर्क असा: जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटरवर यानाचे पाय झटक्याने उघडले आणि त्या हिसक्याने सेन्सरनी क्षणभर ‘टेकलो’ असा खोटा संकेत दिला. संगणक सेकंदाला १०० वेळा सेन्सर तपासायचा. सलग दोनदा तेच दिसलं की खरं मानायचा. चाळणी चांगलीच, पण खोटा संकेत ३३ मिलिसेकंदांपर्यंत टिकू शकत होता! ती नोंद कुणी पुसलीच नाही. ४० मीटरवर संगणकाने तिच्यावर विसंबून इंजिनं बंद केली असावीत. असे संकेत येतात, हे अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कागदावर मात्र ते उतरलंच नव्हतं.