साक्षीदार किती, आणि स्वतंत्र किती? आद्य-तुर्कीतली नामं आणि त्यांची विभक्ती

आद्य-तुर्की ही भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही. तुर्की भाषांचे सर्वांत जुने मोठे लेख मंगोलियात, ओर्खोन नदीच्या खोऱ्यात सापडले. ते आठव्या शतकातले. डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ मध्ये त्यांची लिपी उलगडली. आद्य-तुर्की त्याहूनही जुनी. मग तिची विभक्ती अमुक होती, हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. म्हणून अशा रूपाआधी अभ्यासक तारांकन घालतात. ती एक कबुलीच आहे: हे आम्ही पाहिलेलं नाही.

आता एक सोपं नाम घेऊ. तुर्कस्तानात घराला 'एव्ह' म्हणतात, घरं म्हणजे 'एव्हलेर'. कझाखमध्ये 'उयलेर', उझबेकमध्ये 'उयलार'. सगळीकडे लार किंवा लेर. मग अनेकवचनाचा हा प्रत्यय आद्य-तुर्कीतलाच, नाही का? थांबा. या सगळ्या भाषा एकाच शाखेच्या. एका घरातल्या दहा भावांनी तीच हकिगत सांगितली, तरी कोर्टात ती एकच साक्ष. दुसऱ्या शाखेतली आज जिवंत असलेली भाषा एकच, व्होल्गाकाठची चुवाश. तिथे 'खुला' म्हणजे शहर आणि शहरं म्हणजे 'खुलासेम'. 'लार' नाहीच! म्हणून 'लार'ला आद्य-तुर्कीत बसवताना हात आखडता घ्यावा लागतो.

याउलट सप्तमी पाहा. 'घरात' म्हणजे तुर्कीत 'एव्हदे', चुवाशमध्ये 'शहरात' म्हणजे 'खुलारा'. एकीकडे दे, दुसरीकडे रा. वरवर पाहता काही संबंध नाही. पण जुन्या तुर्कीत पाय म्हणजे 'आदाक', चुवाशमध्ये 'उरा'. बर्चच्या झाडाला तिथे 'कादिङ', इथे 'खुरन'. म्हणजे जिथे जुना द, तिथे चुवाशमध्ये र, आणि तेही नियमाने. मग 'रा' हा 'दा'च ठरतो. इथे दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. तारांकन घालून का होईना, हा प्रत्यय आद्य-तुर्कीला देता येतो.

म्हणजे बघा, जे सारखं दिसत होतं ते टिकलं नाही, आणि वेगळं दिसत होतं ते टिकलं.

पंचमीला मात्र गाडी अडते. 'घरातून' म्हणजे तुर्कीत 'एव्हदेन', आणि चुवाशमध्ये 'शहरातून' म्हणजे 'खुलारान'. दोन्ही शाखा जुळतात. पण ओर्खोनच्या लेखांत 'आत' आणि 'आतून' या दोन्ही अर्थांना बहुधा एकच 'दा' चालतो. मग पंचमी आधीपासून वेगळी होती, की दोन्ही शाखांनी ती नंतर आपापली घडवली? आपल्याच 'घरात' आणि 'घरातून' या रूपांकडे पाहिलं, तर सप्तमीवर भर घालून पंचमी कशी उभी राहू शकते ते कळतं. पण हा दृष्टान्त झाला, पुरावा नव्हे. दोन्हींतला फरक सांभाळणं, हीच या शास्त्राची शिस्त.